झडप बदलल्यानंतर : गोळी थांबवायला सांगणारे खूप भेटतील

बार्शी तालुक्यातल्या एका मुलाने विचारलं आहे. त्याची आई 46 वर्षांची. लहानपणी सांधे सुजून ताप येत होता, त्यातून हृदयाची मायट्रल झडप खराब झाली. पुण्यात ऑपरेशन करून कृत्रिम, कार्बनच्या दोन पाकळ्यांची झडप बसवली, त्याला सोळा दिवस झाले. घरी येऊन आठ दिवस झाले. सोडताना आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) 2.7 होता, परवा गावाजवळच्या लॅबमध्ये 1.8 आला. अंगात रक्त भरावं म्हणून मावशी रोज पालकाचं सूप आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी देते आहे. शेजारी मात्र सांगतात की हिरवं काही खायचंच नाही. रात्री छातीत घड्याळासारखं वाजतं म्हणून आई घाबरते. जखमेला खाज सुटते. दाढ दुखते आहे, दातांचे डॉक्टर म्हणतात पाच दिवस रक्त पातळ करायची गोळी बंद करा, मग काढू. कुणी सांगितलं की ही गोळी म्हणजे उंदराचं औषध आहे, त्यापेक्षा रक्त तपासावं न लागणारी नवी गोळी घ्या. आई अधूनमधून रडते. शेतातलं काम कधी सुरू करता येईल? आणि शेवटी आईचा स्वतःचा एक प्रश्न आहे, तो मी शेवटीच घेतो.

तुम्ही बरंच काही विचारलंत, पण जे वाचून मी हातातला चहा खाली ठेवला ते तुम्ही प्रश्न म्हणून विचारलेलंच नाही. आयएनआर 1.8.

मायट्रलच्या जागी कृत्रिम धातू-कार्बनची झडप असेल तर आयएनआर 2.5 ते 3.5 च्या मध्ये हवा. 1.8 म्हणजे झडपेवर रक्ताची गुठळी धरायला मोकळं रान. त्यातही ऑपरेशननंतरचे पहिले तीन महिने नाजूक, कारण झडपेच्या कडेचं कापड आणि टाके अजून शरीराने आपल्या अस्तराखाली घेतलेले नसतात. तेव्हा पुढचं वाचण्याआधी डिस्चार्ज कार्डावरच्या नंबरला फोन लावा आणि आकडा सांगा. ते गोळीचा डोस बदलतील, कदाचित आयएनआर वर येईपर्यंत पोटावर कातडीखाली घ्यायची, रक्त गोठू न देणारी हेपरीनच्या जातीची इंजेक्शनं देतील आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा तपासायला लावतील. डोस मी इथे बसून सांगणार नाही. वजन, किडनी, बाकीच्या गोळ्या, सगळं त्यांच्या फायलीत आहे, माझ्यासमोर नाही. आणि रविवार आहे म्हणून उद्या करू, असं नको. आयसीयूतला फोन रविवारीही कुणीतरी उचलतं.

केलात फोन? आता बाकीचं.

आकडा का घसरला याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. आपलं यकृत रक्त गोठवणारे काही घटक तयार करतं आणि त्यासाठी त्याला 'के' जीवनसत्त्व लागतं. आई घेतात ती अ‍ॅसिट्रॉम किंवा तिची बहीण वॉरफरिन, या गोळ्या त्या जीवनसत्त्वाचा वापर अडवतात. रक्त 'पातळ' वगैरे काही होत नाही, ते गोठायला जास्त वेळ घेतं एवढंच. निरोगी माणसाचा आयएनआर 1 च्या आसपास असतो. पालक आणि शेवग्याचा पाला या दोन्हींत हे जीवनसत्त्व भरपूर. मावशींनी मायेने आठ दिवस सूप पाजलं, गोळी एकीकडे ओढते आणि सूप दुसरीकडे, त्यात सूप जिंकलं. मावशींवर रागावू नका. सोडताना त्यांना हे कुणी समजावून सांगायला हवं होतं.

मग शेजारी म्हणतात ते बरोबर का? नाही, तेही चूकच. हिरव्या भाज्या पूर्ण तोडल्या की शरीरात 'के'चा साठा कमी होतो आणि मग एखाद्या दिवशी जुलाब झाले, दोन दिवस जेवण गेलं नाही की आयएनआर एकदम चारच्या, पाचच्या वर उडी मारतो. मी पेशंटला सांगतो ते असं: आठवड्यातून तीनदा मेथी, चवळी, तांदळी, शेपू, जी मिळेल ती पालेभाजी नेहमीच्या वाटीने खा. वाटी तीच, वार साधारण तेच. भाजीवर भुरभुरवलेली कोथिंबीर मोजायची गरज नाही, कोथिंबिरीची वाटीभर चटणी झाली तर तिला भाजी धरा. पालकाचं सूप, गव्हांकुराचा रस, शेवग्याच्या पानांची पावडर, असं 'शक्तीसाठी' म्हणून रोज घ्यायचं काही नको. रक्त भरायला हिमोग्लोबिन तपासून लोहाची गोळी मिळते, तिचं या गोळीशी भांडण नाही.

मला सगळ्यात जास्त धास्ती सण आणि हंगामाची वाटते. हिवाळ्यात मेथी आणि हरभऱ्याची भाजी स्वस्त झाली की माझ्या ओपीडीत आकडे खाली सरकतात. नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा, भगर आणि शेंगदाण्यावर राहिलेल्या बायकांचे वर जातात. उपास करायचाच असेल तर आधी सांगा, मध्ये एक तपासणी करू, असं मी म्हणतो. पहिल्या वर्षी मात्र नऊ दिवसांचा उपास नकोच.

आता दाढ. इथे जरा थांबतो, कारण मला या उत्तरात एकच गोष्ट सांगायची असती तर ती हीच असती.

मी हार्ट सर्जरीच्या विभागात वीसेक वर्षं काढली आणि त्यानंतर बरीच वर्षं आठवड्यातून एक दिवस फक्त आयएनआरची ओपीडी बघतोय. अडकलेल्या, गुठळी बसलेल्या झडपा घेऊन जे पेशंट रात्री-अपरात्री आले त्यांच्यात झडपच सदोष निघाली असं मला क्वचितच आढळलं. बहुतेकांची गोळी कुणीतरी थांबवलेली असायची. तेही वाईट हेतूने कधीच नाही. दात काढायचा म्हणून, मोतीबिंदूसाठी, पाळी जास्त जाते म्हणून, कावीळ उतरवणाऱ्याने पथ्य सांगितलं म्हणून, गावातलं मेडिकल बंद होतं म्हणून. एक बाई मला अजून आठवते. दाढेसाठी पाच दिवस गोळी बंद केली, दाढ काढली, मग जखम भरू दे म्हणून स्वतःहून आणखी तीन दिवस. नवव्या दिवशी ती धापा टाकत आली, तेव्हा झडपेची एक पाकळी हलतच नव्हती. गुठळी विरघळवायचं औषध दिलं आणि तिचं नशीब की पाकळी सुटली. नाहीतर पुन्हा छाती उघडावी लागते, आणि त्या अवस्थेत केलेल्या ऑपरेशनमधली जोखीम पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

म्हणून घरात आजच ठरवून टाका: ही गोळी कमी, जास्त किंवा बंद करण्याचा अधिकार एकाच माणसाकडे. ऑपरेशन केलेली टीम, किंवा त्यांनी ज्यांच्याकडे सोपवलं ते तुमच्याकडचे एक हृदयरोगतज्ज्ञ. बाकी कुणीही, अगदी मोठ्या हॉस्पिटलातला दुसऱ्या विभागाचा डॉक्टर असला तरी, 'आमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या' एवढंच उत्तर. यात उद्धटपणा नाही. समजूतदार डॉक्टरला ते बरंच वाटतं.

दाढेचं प्रत्यक्षात असं होतं. आयएनआर ठरलेल्या पट्ट्यात असेल तर एखाद-दोन दात काढायला गोळी बंद करावी लागत नाही. खाचेत टाका घालतात, गॉज दाबून धरायला लावतात, रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडच्या पाण्याच्या चुळा देतात, रक्त थांबतं. थोडं जास्त वेळ झिरपेल, पण तोंडातलं रक्त दाबता येतं. झडपेवरची गुठळी दाबता येत नाही. मात्र दात काढताना तोंडातले जंतू रक्तात उतरतात आणि कृत्रिम झडपेवर जाऊन बसू शकतात, म्हणून तासभर आधी अ‍ॅमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम एकदाच घ्यायचं असतं. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर ते चालत नाही, दुसरं देतात. आईंचा आकडा आत्ता 1.8 आहे आणि छातीचं हाड ताजं आहे, तेव्हा दोन-चार दिवसांत घाई करून दाढ उपटायची नाही. पण दाढेत पू असेल, गाल सुजला असेल तर तीन महिने थांबायचंही नाही. आजच्याच फोनमध्ये दाढेचंही सांगा. तोवर दुखण्यावर पॅरासिटामॉल, तेही मोजून. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, कॉम्बिफ्लाम यातलं काही नको.

दात घासायचे दोनदा, मऊ ब्रशने. आई मिश्री लावत असतील तर ती सुटायला यापेक्षा चांगला मुहूर्त मिळणार नाही. हॉस्पिटलात इतके दिवस तशीही सुटलीच होती.

याला जोडूनच ताप. झडप बदललेल्या माणसाला 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप आला तर तो आपल्याकडे 'व्हायरल' ठरवून सलाईन आणि दोन इंजेक्शनांवर भागवतात. तसं करू देऊ नका. झडपेला जंतूंची लागण झाली की ती आधी फक्त तापच दाखवते. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर (रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघायची तपासणी) घेतले तर जंतू सापडतो. दोन दिवस कुठलंतरी अँटिबायोटिक घेऊन मग कल्चर केलं तर बाटलीत काहीच उगवत नाही आणि आम्ही अंधारात तीर मारत बसतो. डॉक्टरला पहिलंच वाक्य सांगायचं: 'झडप बदलली आहे, आधी ब्लड कल्चर घ्या.' पहिल्या दीड महिन्यात हृदयाच्या आवरणाला सूज येऊनही ताप आणि छातीत दुखणं होतं, ते औषधाने बसतं, पण कोणता ताप कोणता हे घरी बसून ठरत नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच कार्डांवर लिहायची राहून जाते. या दिवसांत हृदयाभोवती हळूहळू पाणी किंवा रक्त साचू शकतं, रक्त पातळ करायची गोळी चालू असताना जास्तच. बरा होत चाललेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अचानक गळून जातो, मळमळतं, चालताना चक्कर येते, लघवी कमी होते, झोपलं की दम लागतो. घरचे म्हणतात पित्त झालं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली की पाच मिनिटांत कळतं. म्हणून रोज सकाळी वजन करा. वजनकाटा हा या घरातला सगळ्यात उपयोगी यंत्र आहे. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं, पायावर सूज दिसली, तर फोन. मीठ कमी, म्हणजे लोणचं, पापड, खारातली मिरची, ठेचा ताटाबाहेर.

बाकी औषधांचं थोडक्यात. आयएनआर वर नेणारी नेहमीची मंडळी म्हणजे जुलाबावरचं मेट्रोनिडाझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन, को-ट्रायमॉक्साझोल, बुरशीवरचं फ्लुकोनाझोल. खाली आणणारी म्हणजे टीबीवरचं रिफॅम्पिसिन आणि फिटच्या काही गोळ्या. यातलं काही लागलंच तर घ्यायचं, पण तीन-चार दिवसांत आयएनआर बघायचा. गुडघेदुखीवर बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांना हातही लावू नका, त्यात काय असतं ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही. 'आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही' हे वाक्य ऐकलं की माझा हात आपोआप आयएनआरच्या फॉर्मकडे जातो.

'उंदराचं औषध' ही गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. 1920 च्या दशकात अमेरिका आणि कॅनडाच्या उत्तर भागात बुरशी लागलेलं गोड क्लोव्हरचं गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायला लागली. विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या कुजक्या गवतातला घटक शोधला. त्यावरून पुढे वॉरफरिन निघालं, आणि 1948 मध्ये ते आधी उंदीर मारायलाच बाजारात आलं. काही वर्षांनी माणसांसाठी मान्य झालं आणि 1955 मध्ये हार्ट अटॅक आल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते दिलं गेलं. गोठ्यात सापडलेलं औषध आहे, शेतकऱ्याच्या घरात त्याला नावं ठेवायचं कारण नाही. उंदीर मरतो तो मात्रेमुळे, आणि मात्रा मोजायला तर आयएनआर आहे.

आणि ती 'तपासणी न लागणारी नवी गोळी'? डॅबिगॅट्रान, अ‍ॅपिक्साबॅन यांसारख्या गोळ्या हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी उत्तम आहेत. कृत्रिम धातू-कार्बनच्या झडपेसाठी मात्र चालत नाहीत. डॅबिगॅट्रान अशा पेशंटवर वापरून पाहणारा अभ्यास गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही जास्त होऊ लागल्याने मध्येच थांबवावा लागला. अ‍ॅपिक्साबॅनचाही थांबवला. शेजारच्या काकांना ती गोळी चालते, कारण त्यांच्या छातीत ही झडप नाही. प्राण्याच्या ऊतीपासून केलेली झडप असती तर अ‍ॅसिट्रॉमसारखी गोळी बहुधा पहिले तीन ते सहा महिनेच लागली असती, पण ती झडप दहा-पंधरा वर्षांत झिजते, तरुण वयात आणखी लवकर, आणि पुन्हा बदलावी लागते. तुमच्या सर्जननी 46 वय बघून टिकाऊ झडप निवडली. त्या टिकाऊपणाची किंमत म्हणजे ही रोज संध्याकाळची गोळी.

गोळी संध्याकाळी ठरलेल्या वेळी. सकाळी रक्त दिलं, दुपारी आकडा आला, त्याप्रमाणे त्याच संध्याकाळी डोस बदलता येतो, म्हणून संध्याकाळ. विसरली आणि रात्री झोपण्याआधी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर दुप्पट घ्यायची नाही, वहीत 'चुकली' असं लिहायचं आणि कळवायचं. अ‍ॅसिट्रॉमचा अंमल वॉरफरिनपेक्षा लवकर उतरतो, त्यामुळे एका दिवसाची चूकही आकड्यात दिसते. ही गोळी वेगवेगळ्या मिलिग्रॅममध्ये मिळते, हेही लक्षात ठेवा. 'अर्धी गोळी' ही भाषा घरातून हद्दपार करा. कशाची अर्धी? एका आजोबांना दुकानदाराने 2 ऐवजी 4 ची पट्टी दिली, ते इमानाने अर्धीच घेत राहिले, आणि नाकातलं रक्त थांबेना म्हणून आले. पट्टी हातात घेऊन आकडा वाचायचा, मगच दुकान सोडायचं.

वहीचं सांगतो. शंभर पानी वही, चार रकाने: तारीख, आयएनआर, मिलिग्रॅममध्ये डोस, आणि 'काय वेगळं झालं'. चौथा रकाना सोन्याचा. जुलाब, लग्नातलं जेवण, उपास, नवीन गोळी, सगळं त्यात. तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये. आयएनआर ही पद्धतच मुळात लॅबालॅबांतला फरक पुसायला निघाली, तरी थोडा फरक राहतोच. सुरुवातीला आठवड्यातून एकदा-दोनदा, आकडा बसला की दोन आठवड्यांनी, मग महिन्याने. ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं असेल तर पुढच्या तपासण्यांसाठी काय सोय आहे ते आरोग्यमित्राला विचारून घ्या, पुष्कळ जण विचारतच नाहीत.

आता छातीतलं घड्याळ. कार्बनच्या दोन पाकळ्या दर ठोक्याला उघडतात, मिटतात, मिटताना टिक् वाजतं. दिवसात लाखभर वेळा. रात्री घर शांत असतं, उशीवर डाव्या कुशीला कान टेकला की जास्तच ऐकू येतं. उजव्या कुशीवर वळा, खोलीत पंखा चालू ठेवा, दोन-तीन महिन्यांत मेंदू त्याची दखल घेणं सोडतो, भिंतीवरच्या घड्याळाची सोडतो तशी. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत बनलेली आपली भारतीय 'चित्रा' झडप, जी 1990 मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवली, तिची चकती प्लॅस्टिकच्या जातीची असल्यामुळे ती कमी वाजते. पण आईंना सांगा, आवाज स्वच्छ येतोय म्हणजे पाकळ्या नीट मिटताहेत. घाबरायचं ते उलट्या वेळी: रोजचा टिक् बसका झाला, दबला किंवा ऐकूच येईना, आणि सोबत दम लागला, तर वाट बघायची नाही. तसंच तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं, मग ते पाच मिनिटांत बरं झालं तरी. काळी डांबरासारखी शौच. डोक्याला मार, वरून जखम दिसत नसली तरी. या सगळ्याला 108.

जखमेबद्दल तुम्ही खाज सुटते म्हणालात. भरणारी जखम खाजते. रोज अंघोळ, साबणाच्या फेसाचा हात हलका फिरवायचा, टिपून कोरडं करायचं. हळद, तूप, खोबरेल, कुणी दिलेली भस्मं, काही नको. लाली पसरत असेल, पाणी किंवा पू झिरपत असेल, खोकताना हाडातून कट्कट आवाज येत असेल तर दाखवा. बायकांच्या बाबतीत पुरुष डॉक्टर विसरतात ते असं की स्तनांच्या वजनाने टाक्यांच्या खालच्या टोकाला ताण येतो, म्हणून पुढून उघडणारी, मऊ सुती आधाराची ब्रा दिवसभर हवी. ब्लाउज सैल. आणि मंगळसूत्र नेमकं जखमेवर घासतं. आमच्या वॉर्डातल्या सिस्टर ते आखूड करून गळ्यालगत बांधायला सांगत, जखम भरेपर्यंत. त्यात अशुभ काही नाही, उलट टिकून राहायचीच व्यवस्था आहे.

छातीचं हाड तारेने बांधलेलं आहे. ते धरायला सहा ते आठ आठवडे, पक्कं व्हायला तीन महिने. तोवर पाच किलोच्या आतलंच उचलायचं. भरलेला हंडा पंधरा किलोचा असतो. हापसा, कपडे आपटणं, ढीगभर कणीक मळणं, म्हैस ओढणं, नातवंडाला कडेवर घेणं, सगळं बंद. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग उठायचं, दोरी किंवा कुणाचा हात ओढून नाही. खाली बसायच्या संडासाऐवजी खुर्ची. एसटीत वरचा दांडा धरून उभं राहायचं नाही, मोटारसायकलवर मागे बसायचं नाही. खोकताना उशी छातीशी घट्ट. हॉस्पिटलातून दिलेलं, तीन छोट्या चेंडूंचं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र कपाटात गेलं असेल तर बाहेर काढा. चालायचं रोज, सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटांपासून, बोलता येईल इतक्याच वेगाने, हळूहळू अर्ध्या तासापर्यंत.

शेत तीन महिन्यांनी, इको बघून. भांगलणी, वेचणी, शेळ्यांमागे जाणं जमेल. पोती उचलणं कायमचं इतरांवर सोडा. विळा-खुरप्याने कापलं तर घाबरून पळू नका, स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं सलग दाबून धरा, मध्ये उघडून बघायचं नाही. विळीवर भाजी चिरायलाही हरकत नाही, थोडं सांभाळून.

पाळी अजून चालू असेल आणि जास्त जात असेल तर गोळी न थांबवता स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा, हिमोग्लोबिन बघा. (हे वाचणाऱ्या तरुण मुलींसाठी: या गोळीवर असताना दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या घडणीला धोका असतो. मूल हवं असेल तर आधी येऊन बोला, आणि पाळी चुकली तर त्याच आठवड्यात या. पण गोळी स्वतःहून टाकून देऊ नका.) पेनिसिलिनचं दर तीन आठवड्यांचं इंजेक्शन आधीपासून चालू असेल तर झडप बदलली म्हणून ते संपत नाही, संधिवाताचा ताप बाकीच्या झडपाही खातो. दंडात किंवा कमरेत सुई म्हणजे रक्त साकळण्याची भीती असते खरी, तेव्हा इंजेक्शन चालू ठेवायचं की गोळ्यांवर जायचं ते तुमच्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारा.

रडण्याचं तुम्ही अगदी एका ओळीत लिहिलंत. या ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे पुष्कळ जण रडतात, झोप उडते, वाचलेलं डोक्यात राहत नाही, जेवणाची चव जाते. शरीर मोठ्या घावातून उठत असतं. पण कधीकधी बाईच्या मनात वेगळंच असतं: माझ्यावर एवढा खर्च झाला, आता माझ्याकडून काम होत नाही. ते तिला कुणी विचारत नाही. संध्याकाळी तिला घेऊन चालायला जाता तेव्हा तुम्ही विचारा. दीड-दोन महिन्यांनीही कमी झालं नाही, जेवण-झोप सुटलीच, तर आम्हाला सांगा, त्यालाही औषध आहे. फक्त ते अ‍ॅसिट्रॉमशी जुळणारं निवडावं लागतं.

आता आईंचा प्रश्न: पुढच्या आषाढीला पंढरपूरला जाता येईल का?

येईल. तोवर हाड पक्कं झालेलं असेल, इकोही झालेला असेल. सगळी वाट पायी नको, वाखरीपर्यंत गाडीने जावं आणि पुढे दिंडीसोबत चालावं. निघण्याच्या आठवड्यात एक आयएनआर. गोळ्या दोन ठिकाणी, एक पट्टी आईच्या पिशवीत, एक तुमच्या खिशात, कारण गर्दीत पिशवी हरवते. झडपेचं कार्ड आणि वहीचं शेवटचं पान प्लॅस्टिकच्या पाकिटात गळ्यात. वाटेत कुणी पाय चेपून गोळी दिली, दुखण्यावर इंजेक्शन देऊ केलं, तर नमस्कार करून पुढे जायचं. एकादशीचा एक दिवसाचा उपास करू द्या. तिला एवढंच आधी सांगून ठेवा की संध्याकाळची गोळी उपासाला चालते.